सकाळी दहा मिनिटं, रात्री सत्तर

सुमारे १४०० सालच्या युरोपीय अ‍ॅस्ट्रोलेबची (सूर्य-ताऱ्यांच्या उंचीवरून वेळ काढायचं यंत्र; आपल्याकडचा यंत्रराज तो हाच) पितळी प्रतिकृती २० मार्चला तपासायला घेतली. तक्रार अशी, की वेळ चुकते आणि दर वेळी वेगळी चुकते.

आधी टांगण पाहिलं. कडीत धरून सूर्याचे उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) घेतले, यंत्राची बाजू फिरवून पुन्हा घेतले. छिद्रातून सूर्याकडे कधीच बघायचं नाही. वरच्या छिद्राचा कवडसा खालच्या छिद्रावर पाडायचा. दोन्ही वाचनं ३०° आली, म्हणजे कडी आणि फिरती पट्टी ठीक. अक्षपत्र (एका अक्षांशाचं क्षितिज आणि उंचीच्या रेषा कोरलेली तबकडी) जागेला साजेसं, ३२° चं. त्यावरचं क्षितिज विषुववृत्ताला नेमकं पूर्व-पश्चिम रेषेवर छेदत होतं.

तरी सौर वेळ सकाळी दहा मिनिटं मागे आली आणि दुपारनंतर तेवढ्याच उंचीला दहा मिनिटं पुढे. रेखांशाचा फरक आणि त्या तारखेची साडेसात मिनिटांची दुरुस्ती (घड्याळ आणि सूर्य यांच्यातल्या फरकाची) यात आधीच धरली होती. चूक सकाळ-दुपार अशी उलटली की सूर्याच्या क्रांतीवर (विषुववृत्तापासूनच्या उत्तर-दक्षिण अंतरावर) संशय घ्यावा. पाठीमागच्या तारखांच्या वर्तुळावर मेषारंभ (इथे वसंतसंपात, सूर्य विषुववृत्तावर येतो तो बिंदू) १२ मार्चसमोर कोरलेला होता. त्या काळच्या ज्युलियन पंचांगात ते बरोबरच. आज मात्र त्यामुळे सूर्य ८° पुढे आणि तीनेक अंश उत्तरेला दिसतो.

रात्री पूर्वेकडे ५०° वर आलेली मघा घेतली. वेळ तब्बल ७० मिनिटं मागे! भपत्रावरचे (ताऱ्यांच्या फिरत्या जाळीवरचे) तारेही १४०० चेच. संपातचलन (पृथ्वीचा अक्ष डुलल्यामुळे संपातबिंदूचं सरकणं) ७२ वर्षांत सुमारे १°, त्यामुळे मघेच्या विषुवांशात (विषुववृत्तावर पूर्वेकडे, तास-मिनिटांत मोजलेल्या स्थानात) ३३ मिनिटांचा फरक, बदललेल्या क्रांतीमुळे आणखी आठ. उरलेली २९ सूर्याची. रात्रीची वेळ तारा आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावरून निघते. तारा मागे आणि सूर्य पुढे असल्यामुळे इथे चुका एकमेकींना खात नाहीत, त्यांची बेरीज होते. दिवसा तारे लागतच नाहीत, म्हणून तेव्हा चूक लहान.

भपत्रावरचं ताऱ्याची जागा दाखवणारं टोक वाकवून हे सुधारत नाही. मकरवृत्ताची (अक्षपत्रावरच्या सर्वांत बाहेरच्या वर्तुळाची) त्रिज्या ९० मिमी धरली तर मघेचं टोक केंद्रापासून ४५.३ वरून ४७.८ मिमीवर न्यावं लागतं, शिवाय ८° फिरवावं लागतं. पितळ एवढं वळवलं की टोक अक्षपत्रावर घासतं. वापरासाठी आजच्या ताऱ्यांचं भपत्र आणि २० मार्चला मेषारंभ असलेलं तारखांचं वर्तुळ, दोन्ही एकदम नवी कापावीत. जुनं भपत्र तसंच ठेवलं. त्याच्या मागे फक्त '१४००' कोरलं.