आधी काटा, मग कपाटं

छोट्या कॅम्पिंग ट्रेलरचा सांगाडा उभा राहिला की कधी एकदा आतली कपाटं बसवतो असं होतं. मी मात्र आधी वजनाचा हिशोब घेऊन बसले, आणि हा ट्रेलर करायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आग्रहाने सांगेन.

माझा ट्रेलर थेंबाच्या आकाराचा आहे: पुढे दोघांपुरती गादी, मागे डिकी उघडली की ओटा. ८ बाय ४ फुटांच्या प्लायच्या एका शीटमधून एक बाजू निघते, म्हणून घरी बनवणाऱ्याला हा आकार सोयीचा. पण ओटा मागे म्हणजे शेगडी, भांडी, पाण्याचा कॅन सगळं चाकांच्या मागे. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो तिथेच झाले! मागचं पारडं जड झालं की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही ओढतो. म्हणून एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडतात त्या जागी, यायला हवा. ट्रेलर ४०० किलोचा असेल तर ४० ते ६० किलो.

हे मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना अडण लावून उभा करायचा. काट्यावर लाकडी ठोकळा उभा धरायचा आणि त्यावर कपलर, म्हणजे हिचला अडकणारं ट्रेलरचं पुढचं टोक, टेकवायचा, गाडीच्या हिचइतक्याच उंचीवर. सामानाच्या जागी तेवढ्याच वजनाची पोती ठेवायची. हे होईपर्यंत एक्सल, म्हणजे चाकांचा आस, मी वेल्ड केलाच नाही, बोल्टवर ठेवला. पोती मांडून काटा पाहिला, एक्सल थोडा मागे सरकवला, बॅटरीची पेटी पुढच्या दांड्यावर नेली, तेव्हा कुठे आकडा जमला. आता कपाटं कुठे यायची ते आपोआप ठरलं.

नोकरी सांभाळून करायला हे काम फार छान आहे, कारण यातलं बरंचसं वाळण्यावर अवलंबून असतं. संध्याकाळी तासभर मिळाला तरी प्लायच्या कडांना इपॉक्सीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या राळेचा, हात देता येतो. पाणी शिरतं ते कडांतूनच. पहिला हात कड अक्षरशः पिऊन टाकते, जागा पुन्हा कोरडी, मळकट दिसते. दुसऱ्या हातानंतर चकाकी टिकायला लागली की समजायचं, कड भरत आली. स्क्रूची भोकंसुद्धा सोडायची नाहीत.

छताला झडप मात्र हवीच. दोन माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर थंड पत्र्यावर साचते आणि आतून लाकूड भिजवते. माझी झडप आणून ठेवलीय. छत कापायचं काम या रविवारी.