आमची वाटचाल: हायपोचा वास अजून आहे

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७४ साली कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या बोळात स्टुडिओ थाटला. पुढे दहा बाय बाराची खोली, मागे डार्करूम, तिथं हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास. लग्नं, बारशी, फॉर्मवर चिकटवायचे फोटो आणि निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं टचिंग, एवढाच धंदा. तेव्हा बऱ्याच घरांत आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा असायचा. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो काढणारा. एकाच रोलवर गणपती, दिवाळी आणि धाकट्याचा वाढदिवस निघायचा, इतका तो पुरवून वापरत.

मग डिजिटल आलं. त्यापुढचं कुठल्याही स्टुडिओवाल्याला विचारा, तो तेच सांगेल. कर्ज काढून घेतलेलं कलर प्रिंटिंगचं मशीन आम्ही भंगारात किलोवर घातलं. डार्करूम मोडून तिथं झेरॉक्स बसवू, असं मी दोन वर्षं म्हणत होतो. अण्णा "बघू" म्हणायचे. त्यांच्या "बघू"चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात आर्किटेक्चरचा एक विद्यार्थी आजोबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ घेऊन आला. "काका, हा चालू होईल का?" मी नाही म्हणणार तोच आतून अण्णा म्हणाले, "लिव्हर ओढ बघू." त्यांनी कान लावला. या कॅमेऱ्याच्या पोटात एक इवलासा रबरी तुकडा असतो. तो कुजला की लिव्हर ओढताना होणारा 'खट्' आवाज जातो आणि शटरचं गणित चुकतं. आवाज गेलेला होता. तुकडा आम्ही नवा कापून बसवला. पुढची अडचण सेलची. या कॅमेऱ्याला ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही. हल्लीचा सहा व्होल्टचा चालतो, पण तो आकारानं लहान, खोबणीत खुळखुळतो. उद्यमनगरात लेथवर पितळी बूच कातून घेतलं, मागे स्प्रिंग घातली, झालं. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथं एक बूच कातलं म्हणून कॉलर ताठ करण्यात अर्थ नाही. तरी त्या दिवशी आम्ही दोघांनी चहा जरा जास्तच घेतला.

त्या मुलानं मित्र आणले, मित्रांनी आजोबांची कपाटं उपसली. झेनिट, याशिका, क्लिक थ्री, सगळं येऊ लागलं. कोकणातून आणि गोव्यातून येणाऱ्या लेन्सना हटकून बुरशी. वरवरची असेल तर निघते, काचेत शिरली असेल तर निघत नाही, आणि हे आम्ही पैसे घेण्याआधी सांगतो. कातडी केस दमट हवा धरून ठेवते. कॅमेरा तिच्यातून बाहेर काढा, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

कृष्णधवल रोल आम्ही अजून घरी बनवलेल्या डेव्हलपरनं, म्हणजे रोलवर चित्र उमटवणाऱ्या रसायनानं, धुतो. सूत्र कोडॅकच्या जुन्या डी-७६ चं: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाईट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. मेटॉल आधी विरघळवायचं, सल्फाईट मागाहून. उलट केलं तर मेटॉल विरघळतच नाही, आणि मी पहिल्यांदा उलटच केलं होतं. पाणी २० अंशांवर हवं. एप्रिलात आमच्या नळाला कोमट पाणी येतं, त्यामुळे रोल धुण्याची टाकी बर्फाच्या घमेल्यात बसते. रंगीत रोलला ३८ अंश लागतात, तिथं मात्र कोल्हापूरचा मे महिना मदतीला येतो.

एक चूक लिहून ठेवतो. एक ताई वडिलांचा झेनिट घेऊन आल्या. काढलेले फोटो मोजणारा काउंटर शून्यावर होता, म्हणून मी मागचं झाकण उघडलं. आत रोल होता. त्या झेनिटचा काउंटर हातानं फिरवून लावायचा असतो, हे मला माहीत होतं, पण घाई नडली. रिळावर आत गुंडाळलेले सुरुवातीचे नऊ फोटो वाचले. बाहेरच्या वेढ्यांतले, म्हणजे सगळ्यात अलीकडचे, उजेड लागून काळे झाले. ताई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता कुठलाही कॅमेरा हातात आला की आधी रिवाइंडची चकती हलकेच उलटी फिरवतो. ताण लागला तर आत रोल आहे, झाकणाला हात लावायचा नाही.

हल्ली रोल, धुणं आणि स्कॅनिंग धरून एक क्लिक आमच्या हिशोबानं चाळीसेक रुपयांना पडतो. नवीन येणाऱ्याला हे आम्ही दारातच सांगतो. काही जण तिथूनच परत जातात. हॉटेलच्या भिंतीवर लटकवायला कॅमेरे मागणारेही येतात, त्यांना मेलेले देतो, जिवंत देत नाही. यावरून एकदा गिऱ्हाईक आणि अण्णा दोघंही तापले होते.

अण्णांची नजर आता अधू झालीय, पण टाकी हलवायला ते रोज बसतात, आकडे मोठ्यानं मोजत. दारावरची 'अर्जंट पासपोर्ट फोटो, दहा मिनिटांत' ही पाटी काढा म्हणून माझी मुलगी मागे लागलीय, दुकानाच्या नव्या रूपाला ती शोभत नाही म्हणे. दुकानाचं लाइट बिल अजून त्या पाटीवरच निघतं.