आमची वाटचाल : चूर्णापासून लेपापर्यंत

इंदापूर-भिगवण पट्ट्यातल्या शेततळ्यांतले मासे आजारी पडू नयेत म्हणून आम्ही गुळवेल, हळद आणि लसूण यांचे मत्स्यखाद्याला लावायचे अर्क बनवतो. सुरुवात नुसत्या चूर्णाने झाली. चूर्ण स्वस्त पडतं, पण खाद्याच्या गोळीला धरत नाही. पाण्यात पडताच सुटतं आणि माशाच्या पोटात नुसती गोळी जाते. म्हणून अर्काकडे वळलो.

गुळवेलीच्या काड्यांची पापुद्र्यासारखी साल खरवडून तुकडे सावलीत वाळवतो. आठपट पाण्यात उकळून पाव हिस्सा उरला की काढा गाळायचा, आणि मग निर्वात भांड्यात ६० अंशांखाली घट्ट करायचा. थेट आचेवर तो तळाला लागतो, आणि करपट वासाची गोळी मासे तोंडात घेऊन टाकून देतात. सुका अर्क ओलावा ओढतो. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली की त्याचा दगड होतो.

हळदीतला गुणकारी घटक कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते तेलातून देतो. लसूण ठेचून दहा मिनिटं ठेवला की त्यातलं गुणकारी ॲलिसिन तयार होतं, पण उष्णतेने ते टिकत नाही. त्यामुळे खाद्य बनताना अर्क मिसळून द्या, ही मागणी आम्ही नाकारतो. लेप तयार गोळीवरच द्यायचा.

हिशोब सोपा आहे. २०० ग्रॅमचे १,००० मासे म्हणजे २०० किलो वजन. वजनाच्या अडीच टक्क्यांनी रोजचं खाद्य ५ किलो. किलोला ५ ग्रॅम धरून २५ ग्रॅम गुळवेल अर्क पाव लिटर पातळ पेजेत कालवा, गोळीवर फवारा, वरून हळदीचं १०० मिली तेल चोळा. तासभर सावलीत सुकवून त्याच दिवशी घाला. ओली गोळी पोत्यात राहिली तर बुरशी धरते, आणि तिच्या विषाने माशाचं यकृत जातं.

वेळ मात्र चुकवू नका. १९८८ पासून भारतात असलेला ईयूएस, म्हणजे जखमांचा रोग, थंडीत उठतो, आणि गार पाण्यात रोहू-मृगळ खाणंच कमी करतात. अर्क नवरात्रापासून तीन आठवडे द्या, मग दोन आठवडे थांबा. जखमा दिसल्यावर फोन आला तर आम्ही अर्क विकत नाही. भुवनेश्वरच्या ‘सीफा’ या मत्स्यसंशोधन संस्थेचं सिफॅक्स हे औषध, हेक्टर-मीटर (एक हेक्टर तळं, एक मीटर खोल) पाण्याला एक लिटर, हा उपाय सांगतो. पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असतील तर आधी पाण्यात हवा मिसळणारा एरेटर चालू करा आणि त्या सकाळी खाद्य बंद ठेवा.