पेटंट एकच, मग निकाल दोन कसे?

पेटंटच्या कामात आहे म्हटल्यावर युरोपात अर्ज करणारे हटकून विचारतात, "आमचा क्लेम तिथलं कोर्ट कसा वाचेल?" क्लेम म्हणजे पेटंटमधलं, हक्क नेमका कशावर ते सांगणारं वाक्य. तुम्हीही विचारलंत, म्हणून एपिलेडीचा खटला सांगते.

अंगावरचे केस उपटायचं ते यंत्र. कमानीसारखी वाकवलेली स्प्रिंग मोटरवर गरगर फिरते. बाहेरच्या अंगाला तिचे वेढे फाकतात, आतल्या अंगाला मिटतात आणि मिटताना केस पकडून मुळासकट ओढतात. क्लेममध्ये शब्द होता 'हेलिकल स्प्रिंग'. रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीने आपल्या यंत्रात स्प्रिंगच्या जागी रबराची कांडी बसवली आणि तिला चिरा पाडल्या. फिरताना त्या चिराही तशाच उघडायच्या, मिटायच्या.

लंडनमध्ये 1989 साली न्यायमूर्ती हॉफमन यांनी मान्य केलं, की कांडी स्प्रिंगसारखंच काम करते. पण क्लेम वाचणारा जाणकार रबराच्या कांडीला स्प्रिंग म्हणणार नाही, म्हणून उल्लंघन नाही. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या वरच्या कोर्टाने मात्र उल्लंघन ठरवलं. कायदा दोघांपुढे एकच होता: युरोपियन पेटंट कराराचं कलम 69. संरक्षण क्लेमवरून ठरतं, आणि क्लेमचा अर्थ लावताना वर्णन व आकृत्या बघायच्या. सोबतचा प्रोटोकॉल सांगतो, की नुसत्या शब्दाला चिकटू नका आणि क्लेमला निव्वळ मार्गदर्शकही समजू नका. पेटंटधारकाला न्याय मिळावा, इतरांना खात्री असावी. त्या दोन टोकांमधली जागा कुठली, यावरच सगळं भांडण.

2007 पासून प्रोटोकॉलमध्ये समतुल्य घटकांचा, म्हणजे क्लेममधल्या घटकाच्या जागी तेच काम करणाऱ्या दुसऱ्या घटकांचा, विचारही आला. 2017 मध्ये ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने पेमेट्रेक्सेड या कर्करोगाच्या औषधाच्या खटल्यात तोच आधार घेतला. पेटंटधारक कंपनी एलाय लिलीचा क्लेम औषधाच्या डायसोडियम क्षारापुरता, प्रतिस्पर्धी अ‍ॅक्टाव्हिसचं औषध दुसऱ्या क्षारांचं. तरी उल्लंघन ठरलं. मला हा निकाल जड जातो. पेटंट ऑफिसच्या परीक्षकाच्या आक्षेपानंतर लिलीनेच क्लेम डायसोडियमपुरता आवळला होता. त्या शब्दावर विसंबून दुसरा क्षार निवडणाऱ्याने आणखी काय वाचायचं होतं? संशोधकाला न्याय हवाच, पण कुंपण त्याने स्वतः घातलंय.

जून 2025 मध्ये युरोपियन पेटंट ऑफिसच्या विस्तारित अपील मंडळानेही सांगितलं, की पेटंट द्यायचं की नाही हे तपासताना क्लेम समजून घ्यायला वर्णन आणि आकृत्या नेहमी बघायच्याच. तेव्हा तुमच्या अर्जात 'स्प्रिंग' असेल, तर तिच्या जागी आणखी काय चालेल ते वर्णनात आत्ताच लिहा, आणि ते हवं असेल तर क्लेममध्येही घ्या.