चेक इंजिनची लाइट बंद आहे? मग आधी तीच तपासा

जुनी गाडी बघायला गेलात की चावी नुसती ऑन करा, स्टार्टर मारू नका. मीटरमध्ये इंजिनाचं पिवळं चित्र पेटलंच पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझलं पाहिजे. पेटतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा काढलाय, नाहीतर वरून काळी टेप मारली आहे.

याहून सफाईदार लबाडी म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी स्कॅनरने कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे नंबर) पुसून ठेवणं. ती पकडायला ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ (गाडीला जोडायचा छोटा स्कॅनर) आणि मोबाइल पुरतो. तो लावायचा १६ पिनांचा सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वरच्या अंगाला असतो. ॲप उघडल्यावर कोड नंतर बघा, आधी 'रेडिनेस मॉनिटर' बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या भागांची तपासणी पूर्ण केली आहे की नाही ते. कॅटॅलिस्ट (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा, थोडक्यात 'कॅट') आणि ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) यांच्यासमोर 'इन्कम्प्लीट' दिसलं, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. बऱ्याच गाड्या कोड पुसल्यापासूनचं अंतरही सांगतात. मालक म्हणतो "कधी लाइट लागलीच नाही" आणि तिथे आकडा ६ किलोमीटर! तरी गाडी मनात भरलीच असेल, तर सकाळी गार इंजिनावर नाशिकहून निघून मुंबई महामार्गाने इगतपुरीपर्यंत ७०-८० च्या एकसारख्या वेगात जाऊन या. नाशिकच्या द्वारका चौकातल्या ब्रेक-क्लचमध्ये मॉनिटर पूर्ण व्हायला फार वेळ लागतो.

आता कोड आला समजा. कोड म्हणजे बदलायच्या पार्टचं नाव नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. पी ०१७१ घ्या, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. या कोडवर पहिला बळी ऑक्सिजन सेन्सरचा जातो, आणि तो बिचारा बहुतेक वेळा खरं बोलत असतो. सेन्सर विकत आणायच्या आधी फ्युएल ट्रिम वाचा, म्हणजे मिश्रण बरोबर ठेवायला कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (बऱ्याच वेळात ठरलेला) ट्रिमची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावी. आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) अधिक २२ आणि २५०० आरपीएमला अधिक ४ येत असेल, तर इंजिन कुठूनतरी चोरून हवा ओढतंय. आयडलला मुळात हवा थोडी लागते, म्हणून बारीक भेगही तेव्हा जास्त जाणवते. उलट आयडलला ठीक आणि कसाऱ्याच्या चढाला ट्रिम वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर घाण झालाय. मग फिल्टर, पंपाचं प्रेशर आणि तो सेन्सर तपासा.

हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या: पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) कडक झालेला पाइप, ब्रेक बूस्टरची नळी, इनटेकचं गॅस्केट. सीएनजी किट बाहेरून बसवलेल्या गाडीत आणखी एक जागा असते. मॅनिफोल्डला भोकं पाडून नोझल बसवतात. विकताना किट काढून घेतलं की त्या भोकांत एम-सीलचा गोळा कोंबलेला सापडतो. इंजिनाच्या उष्णतेने तो कडेने सुटतो. तिथे स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून बघा; आयडल क्षणभर बदललं तर भेग तिथेच. किट अजून गाडीत असेल, तर ट्रिम बघताना गाडी पेट्रोलवरच ठेवा, कारण सीएनजीचं ट्यूनिंग बिघडलं असलं तरी हाच कोड येतो.

पी ०३०० ते ०३०४ म्हणजे मिसिंग, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं. लाइट लुकलुकत असेल तर गाडी कडेला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. ०३०२ आला तर दोन नंबरच्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) तीनवर लावा. कोड ०३०३ झाला की कॉइल गेली. तसाच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं, तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदलल्याशिवाय नव्या कॉइलवर पैसे घालू नका.

पी ०४२० (कॅट नीट काम करत नाही) वर कॅट बदलणं हा सगळ्यात महागडा अंदाज. आधी मिसिंग मिटवा. मग जोडांपाशी काजळीचा काळा पट्टा शोधा, सायलेन्सर तिथे गळत असतो. इंजिन तापल्यावर कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.६-०.७ च्या आसपास स्थिर हवं. पुढच्या सेन्सरसारखं ०.१ ते ०.९ असं झपाझप खालीवर करत असेल, तर कॅट संपला. गार असताना रबरी हातोड्याने ठोकल्यावर आत खुळखुळलं तरी तेच.

पी ०१३५ मात्र ऑक्सिजन सेन्सरच्या आतल्या हीटरचा. आधी फ्यूज, मग उंदरांनी कुरतडलेली वायर, आणि तरच सेन्सर. बदलताना खाच असलेला २२ मिमीचा सॉकेट वापरा, इंजिन कोमट असताना खोला, आणि नवी वायर सायलेन्सरला टेकणार नाही अशी क्लिपमध्ये बसवा. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणीच्या आकड्यांची नोंद) स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुसल्यावर तो जातो.