तारांकित प्रश्न कुठे फसतो

अधिवेशनाच्या बातम्यांत विधानभवनाच्या पायऱ्या दिसतात, फलक दिसतात, सभात्याग दिसतो. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. त्याची धावपळ होते ती नीट बांधलेल्या तारांकित प्रश्नाने, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते अशा प्रश्नाने. त्याचे उत्तर फाइलवर तयार करावे लागते, खालून माहिती मागवावी लागते, वरपर्यंत मान्यता घ्यावी लागते आणि एकदा सभागृहात दिले की ते कायमचे नोंदले जाते.

पण बहुतेक प्रश्न नीट बांधलेले नसतात. विधानसभेच्या यादीत नेहमी दिसणारा साचा घ्या. उदाहरण काल्पनिक आहे:

(1) अमुक ग्रामीण रुग्णालयातील डायलिसिसची सहाही यंत्रे निधीअभावी मार्चपासून बंद असल्याने रुग्णांचे हाल होत असून नागरिकांत तीव्र असंतोष पसरला आहे, हे खरे आहे काय. (2) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व काय कार्यवाही केली. (3) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर येते: (1) हे खरे नाही. (2) व (3) प्रश्न उद्भवत नाही.

आणि ते उत्तर खोटे ठरवता येत नाही. सहापैकी एक यंत्र चालू असेल, किंवा यंत्रे निधीअभावी नाही तर तंत्रज्ञाअभावी बंद असतील, किंवा मार्चऐवजी एप्रिलपासून बंद असतील. एका वाक्यात पाच विधाने कोंबली की त्यातले एक चुकीचे निघाले तरी सगळ्याचा नकार देता येतो. खात्याला फारच लाज वाटली तर ‘हे अंशतः खरे आहे’ एवढी कबुली मिळते. आणि पहिला भाग नाकारला की पुढचे भाग ‘असल्यास’वर टांगलेले असल्याने तेही आपोआप गळतात.

त्याऐवजी पहिल्या भागात एकच वस्तुस्थिती ठेवावी: यंत्रे बंद आहेत काय. पुढचे भाग ‘असल्यास’वर न सोडता स्वतंत्र ठेवावेत. किती यंत्रे बसवली आणि कोणत्या तारखेला? आज किती चालू आहेत? बंद असलेले प्रत्येक यंत्र कधीपासून बंद आहे? देखभालीचे कंत्राट कोणाकडे, मुदत कधीपर्यंत, आजवर किती रक्कम अदा केली, दंड आकारला का? ‘किती’, ‘कधी’, ‘कोणी’ यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर शोभत नाही. ‘तीव्र असंतोष’ सरळ काढून टाकावा. तो मतदारसंघातल्या पत्रकासाठी ठीक आहे.

लोकसभेतही याच अंगाने विचार करावा लागतो, फक्त चौकट जास्त घट्ट आहे. सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न 150 शब्दांच्या आत बसवावा लागतो. मंत्रालयांचे गट पाडून त्यांना आठवड्याचे वार ठरवून दिलेले असतात. प्रश्नांचा क्रम बॅलटने, म्हणजे सोडतीने ठरतो. एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न असतात. सभासदाचा एका दिवशी एकच तारांकित प्रश्न यादीत येतो. वीसपैकी तासाभरात पुकारले जातात ते मोजकेच. उरलेल्यांची लेखी उत्तरे पटलावर जातात. म्हणून आकडेवारी हवी असेल तर अतारांकित प्रश्न टाकावा. जिल्हावार, वर्षवार तक्ता मागावा आणि तो पुढच्या अधिवेशनातल्या तारांकित प्रश्नासाठी दारूगोळा म्हणून ठेवावा. हे दोन टप्प्यांचे काम करणारे सभासद थोडे असतात.

तारांकितचा खरा फायदा उपप्रश्नात, म्हणजे उत्तरानंतर लगेच विचारता येणाऱ्या पुढच्या प्रश्नात आहे. तिथेही घोळ होतो. उपप्रश्न मूळ उत्तरातून निघायला हवा, नाहीतर मंत्री ‘यासाठी स्वतंत्र प्रश्न द्यावा’ म्हणून बसतात. दोन मिनिटांची प्रस्तावना केली की पीठासीन अधिकारी ‘प्रश्न विचारा’ म्हणतात आणि शेवटी तीन प्रश्न एकदम विचारले जातात. तिन्हींपैकी सोपा कोणता ते मंत्री निवडतात. एकच विचारावा, तोही लेखी उत्तरातली तारीख किंवा रक्कम हातातल्या कागदाशी जुळत नाही तिथे बोट ठेवून. कागद माहिती अधिकारातून मिळालेला असेल तर उत्तमच. मंत्र्याकडे समाधानकारक उत्तर नसेल तर अध्यक्षांना प्रश्न राखून ठेवण्याची विनंती करता येते. राखून ठेवलेला प्रश्न पुन्हा सभागृहात येतो, आणि खात्याला ते मुळीच आवडत नाही.

यामुळेच प्रश्नोत्तराच्या तासात गोंधळ घालणे मला कधीच शहाणपणाचे वाटलेले नाही. कामकाज तहकूब झाले की लेखी उत्तरे पटलावर ठेवली असे मानले जाते, उपप्रश्न होत नाहीत आणि अडचणीतला मंत्री सुटतो. तो तास विरोधकांचाच असतो. तोच वाया जातो.

तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना आहे. मंत्र्याला निवेदन करावे लागते, सभासद स्पष्टीकरण विचारतात, मतदान होत नाही. राज्यात लक्षवेधींची संख्या इतकी फुगते की त्यांच्यासाठी सकाळी विशेष बैठका लावाव्या लागतात. यादी लांबली की प्रत्येकीची धार कमी होते. ठरलेले कामकाज थांबवून एखाद्या विषयावर चर्चा मागणाऱ्या स्थगन प्रस्तावाचे दार अरुंद आहे: विषय निश्चित, एकच, नुकताच घडलेला आणि सरकारच्या जबाबदारीतला हवा. लोकसभेत त्यासाठी 50 सभासदांचा पाठिंबा लागतो. सरकारवर ठपक्याची छटा असल्याने राज्यसभेत हा प्रस्तावच नाही. बहुतेक स्थगन नाकारले जातात, पण नाकारण्याआधी विषय दोन मिनिटे मांडायला मिळाला तरी पुष्कळ, असे धरून ते दिले जातात.

अर्थसंकल्पाच्या वेळी खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांना कात्री लावणाऱ्या कपात सूचना येतात. धोरणच अमान्य असेल तर मागणी 1 रुपयापर्यंत खाली आणा, एखादे गाऱ्हाणे मांडायचे असेल तर 100 रुपये कमी करा, काटकसरीसाठी ठरावीक रक्कम कमी करा. शेवटच्या दिवशी गिलोटिन पडले की उरलेल्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात, त्यामुळे ज्या खात्याला धरायचे ते यादीत वर आणण्यासाठी चर्चेचा वेळ ठरवणाऱ्या कामकाज सल्लागार समितीतच झगडावे लागते.

अविश्वास प्रस्तावाबद्दल वेगळे सांगायला नको. लोकसभेत पहिला आला 1963 साली, आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध मांडलेला. केंद्रात असा प्रस्ताव मंजूर होऊन आजवर एकही सरकार पडलेले नाही; 1990, 1997 आणि 1999 मध्ये सरकारे गेली ती त्यांनी स्वतः मांडलेल्या विश्वासदर्शक ठरावावर. उलट मुंदडा प्रकरण बघा. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सुमारे 1.24 कोटींचे समभाग घेतले होते. सभागृहातल्या प्रश्नोत्तरांतून विषय वर आला, डिसेंबर 1957 मध्ये फिरोज गांधींनी तो आकड्यांनिशी मांडला. ते सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते. न्या. छागला यांचा आयोग बसला आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. ‘तपासून घेऊ’, ‘माहिती घेऊन पटलावर ठेवू’, ‘विचाराधीन आहे’ असे मंत्री बोलले की ते आश्वासन धरले जाते. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती 1953 पासून याच कामाला आहे, राज्यातही आश्वासन समिती आहे. लोकसभेत पूर्ततेची मुदत तीन महिन्यांची. ती पाळली गेली नाही तर खाते मुदतवाढ मागते, आणि कधीकधी आश्वासन वगळण्याची विनंती करते. ती विनंती मान्य झाली की विषय मिटला. म्हणून सभासदाच्या कार्यालयात एक साधी वही हवी: प्रश्न क्रमांक, तारीख, मंत्र्याचे नेमके शब्द, तीन महिने कधी संपतात. ती तारीख उलटली की समितीला पत्र आणि त्याच विषयावर नवा प्रश्न, जुन्या उत्तराचा क्रमांक घालून.