आमची वाटचाल : टिपरच्या हौद्यापासून सौरपॅनलपर्यंत

गोव्यात डिचोलीतला आमचा वर्कशॉप वडिलांनी खाणींच्या भरवशावर उभा केला. टिपरचे हौदे, तडकलेल्या चासी, कधीमधी खनिज वाहणाऱ्या बार्जचे पत्रे. रात्री उशिरापर्यंत वेल्डिंग चालायचं. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणींची लीज रद्द केल्यावर ट्रक दारातच गंजू लागले. खाणींनी ओहोळ आणि शेतं नासवली, हे खरंच. पण त्याची भरपाई कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या ड्रायव्हरने का करायची, हे मला आजही कळलेलं नाही.

काही वर्षं ग्रिल-गेटवर काढली. मग सौरपॅनलचे सांगाडे करू लागलो. माणसं तीच, त्यांतले दोघे पूर्वीचे टिपरवाले. गंमत म्हणजे वेल्डरांना वेल्डिंग न करायला शिकवावं लागलं! गॅल्वनाइज्ड लोखंडाला वेल्डिंग लावलं की जस्त जळतं आणि दोन पावसांत तिथूनच गंज धरतो. म्हणून सगळं नटबोल्टवर.

कौलारू घराचं काम सर्वांत नाजूक. कौल उतरवायचं, वासा ठोकून आवाज ऐकायचा, वाळवी नसेल तरच पट्टी बसवून कौल परत चढवायचं. माडाची सावली कुठवर फिरते तेही पाहावं लागतं, कारण पॅनलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज घटते. (वर नारळ पडला तर वॉरंटी नाही, हे आम्ही आधीच सांगतो.) पॅनलसाठी आंबा तोडा म्हणणारा बंगलेवाला भेटला, तेव्हा ते काम सोडलं.

2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी मिळते. बंगलेवाल्यांना ती पटकन मिळते. मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असणाऱ्याचं, तसं नाही. घर त्याचं, जमीन भाटकाराची (जमीनमालकाची), वीजबिल वारलेल्या आज्याच्या नावावर आणि मामलेदाराकडे तारखांवर तारखा. ज्याला बिल खरोखर जड जातं, तोच रांगेत मागे. हवामानबदलावरचा उपाय असा वाटला जाणार असेल, तर खाणीच्या काळात आणि आता फरक काय?

म्हणून मुंडकारांच्या छपराची पाहणी आम्ही फुकट करतो, नाव बदलण्याचा अर्ज आमची मुलगीच भरून देते. तो खर्च हॉटेलांच्या कामांतून निघतो. हॉटेलवाल्यांना हे माहीत आहे. दर कमी करा म्हणायचं मात्र ते सोडत नाहीत.